कोपऱ्यात बसलेली निरीक्षक

संशोधनाचा आराखडा लिहिताना ‘कोणाला वगळणार’ हा मुद्दा आपण दोन ओळींत उरकतो. मीही तेच केलं होतं. मग डूलांवरच्या संशोधनाचा इतिहास वाचला आणि तो भाग पुन्हा लिहायला बसले.

डूला म्हणजे बाळंतपणात बाईसोबत सतत राहणारी सोबतीण. ती सुईण नव्हे. ती तपासत नाही, औषध देत नाही. हात धरते, पाठ चोळते, काय चाललंय ते समजावते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी तो अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डाना राफेल यांनी स्तनपानावरच्या 1973 च्या पुस्तकात वापरला.

त्याच दशकात मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ग्वाटेमालात काम करत होते. त्यांचा विषय होता आई आणि नवजात बाळ यांच्यातला जिव्हाळा. तिथल्या गजबजलेल्या रुग्णालयात बायका घरच्या कोणाशिवाय कळा सोसत. त्यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी: एका विद्यार्थिनीचं काम खरं तर बाळ जन्मल्यावर सुरू होणार होतं, पण ती सुरुवातीच्या काही जणींपाशी कळांच्या वेळीही थांबली. त्या बायका लवकर आणि सुखरूप मोकळ्या झाल्या. नियमाप्रमाणे बघितलं तर ही माहिती बिघडलेली. बाजूला टाकायची आणि पुन्हा सुरुवात करायची! त्यांनी मात्र त्या बिघाडाचीच स्वतंत्र चाचणी केली.

रोबेर्तो सोसा आणि सहकाऱ्यांचा तो निबंध 1980 मध्ये आला. सोबत करणाऱ्या बायका साध्या, प्रशिक्षण नसलेल्या आणि गरोदर बाईला अनोळखी. दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सोबत असलेल्यांना सरासरी 8.8 तास लागले, एकट्या असलेल्यांना 19.3. सगळे हेच आकडे सांगतात. पण हे दोन्ही गट प्रत्येकी फक्त 20 जणींचे होते, गुंतागुंत न झालेल्या. त्या 20 मिळवण्यासाठी सोबतीच्या गटात 33 जणी घ्याव्या लागल्या आणि एकट्यांच्या गटात 103! म्हणजे तुलनेतून गळालेल्या 83 विरुद्ध 13. कोणाचं सिझेरियन झालं, कोणाच्या बाळानं पोटातच शी केली. मला विचाराल तर खरा निष्कर्ष या गळालेल्यांतच आहे. शिवाय तासांचा फरक त्यांना वगळून काढलेला, म्हणून तो जपूनच वाचायचा. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 देशांतल्या 15,858 बायका होत्या. सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी दिसलं, पण प्रसूतीचा वेळ थोडासाच घटला, निम्म्यावर काही आला नाही.

आता ह्यूस्टन, 1991. क्लाउस-केनेल यांच्या गटानं इथे एक गंमत केली. 212 जणींना डूला दिली. 200 जणींच्या खोलीत नुसती एक निरीक्षक बसवली. ती नोंदी करायची, बोलायची नाही. आणखी 204 जणींशी तुलना केली. सिझेरियनचं प्रमाण डूला असलेल्यांत 8 टक्के, त्या 204 जणींत 18, आणि निरीक्षक असलेल्यांत 13. या 204 जणी प्रसूतीनंतर निवडलेल्या, चिठ्ठी टाकून नव्हे, त्यामुळे 13 आणि 18 मधल्या फरकावर फार भार टाकू नका. तरीही तो मधला आकडा डोक्यातून जात नाही. गप्प बसलेलं माणूससुद्धा सोबतच झालं असेल का?

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी देण्याचं धोरण 2016 मध्ये आलं. त्यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. पण तुम्ही वही घेऊन त्या खोलीत बसणार असाल, तर तिथली बाई ‘एकटी’ म्हणून नोंदवायची की नाही, हे तुमच्या गाईडला आधीच विचारून घ्या.