लॉट क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सॅम्पलिंग (आरोग्य सर्वेक्षण)

लॉट क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सॅम्पलिंग (संक्षेप: एलक्यूएएस) ही एखाद्या क्षेत्रातील आरोग्यसेवा ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचली आहे की नाही, याचा निर्णय लहान नमुन्यावरून करण्याची संख्याशास्त्रीय पद्धत आहे. तिची आकडेमोड कागद-पेन्सिलीने करता येत असल्यामुळे आरोग्य केंद्रांतील पर्यवेक्षक व सेवकांच्या प्राथमिक संख्याशास्त्र प्रशिक्षणात तिला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे.

पार्श्वभूमी

पद्धतीचा उगम कारखान्यांत आहे. हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मालाच्या तपासणीसाठी ती विकसित केली. गठ्ठ्यातील (लॉट) मोजक्याच वस्तू तपासून संपूर्ण गठ्ठा स्वीकारायचा की नाकारायचा, हे ठरवले जाई. १९८० च्या दशकापासून ती आरोग्यक्षेत्रात वापरली जाऊ लागली. तेथे गठ्ठ्याची जागा पर्यवेक्षण क्षेत्राने घेतली. जोसेफ व्हॅलडेझ यांचे याविषयीचे पुस्तक १९९१ मध्ये, तर त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेली प्रशिक्षणार्थींची पुस्तिका २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

लसीकरणासाठी त्यापूर्वी रूढ असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत ३० समूहांतून प्रत्येकी ७, म्हणजे २१० बालके निवडली जात. त्यातून जिल्ह्याची सरासरी कळे. परंतु जिल्ह्यातील कोणता भाग मागे पडला आहे, हे कळत नसे. मर्यादित मनुष्यबळ कोठे पाठवावे, हा प्रश्न मात्र नेमका त्या भागाचाच असतो.

निर्णय-नियम

प्रत्येक क्षेत्रातून बहुधा १९ व्यक्ती निवडतात. उद्दिष्ट ८० टक्के असल्यास निर्णय-नियम १३ असतो. १९ पैकी १३ किंवा अधिक बालकांना लस मिळालेली आढळल्यास क्षेत्र उद्दिष्टाला पोहोचले असे मानतात. १२ किंवा कमी आढळल्यास त्याला प्राधान्यक्षेत्र ठरवतात. प्रत्यक्ष प्रमाण ८० टक्के असूनही क्षेत्र चुकून नापास होण्याची संभाव्यता सुमारे ७ टक्के असते, तर प्रमाण ५० टक्केच असताना ते उत्तीर्ण ठरण्याची सुमारे ८ टक्के. दोन्ही चुका सारख्या नाहीत. पहिलीत थोडे श्रम वाया जातात. दुसरीत लस न मिळालेली बालके नजरेआड राहतात.

प्रशिक्षण

संभाव्यतेची सूत्रे शिकवण्याऐवजी रंगीत मण्यांची पिशवी वापरता येते. ज्या पिशवीतील ८० टक्के मणी लाल आहेत, तिच्यातून पुनःपुन्हा १९ मणी काढले की लाल मण्यांची संख्या दर वेळी बदलते, पण १३ च्या खाली क्वचितच उतरते. नमुन्यातील चढउतार म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा अशा प्रयोगातून लवकर उमगते.

प्रशिक्षणाचा कठीण भाग आकडेमोडीचा नसून निवडीचा आहे. गावांची यादी करून लोकसंख्येची चढती बेरीज मांडतात व एकूण लोकसंख्येला १९ ने भागून अंतर काढतात. उदाहरणार्थ, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्राची लोकसंख्या २८,५०० असल्यास अंतर १,५०० येते. यादृच्छिक आरंभसंख्या ६४० निघाली, तर ६४०, २,१४०, ३,६४० याप्रमाणे येणाऱ्या व्यक्ती ज्या गावांत मोडतात ती गावे घेतात. मोठ्या गावाची पाळी दोनदाही येऊ शकते. गावात पोहोचल्यावर घरही यादृच्छिकपणेच निवडावे लागते, आणि त्या घरी योग्य वयाचे बालक नसल्यास लगतच्या घरी जातात. येथे सवलत घेण्याचा मोह मोठा असतो. डांबरी रस्त्यालगतची, आशा सेविकेच्या ओळखीची घरे घेतली की दूरचे पाडे व वस्त्या नमुन्यातून गळतात. लसीकरण राहून जाण्याची शक्यता तेथेच अधिक असल्याने निकाल खोटा चांगला दिसतो. आपल्याच कामाची पाहणी आपणच करू नये, म्हणून पर्यवेक्षकांनी एकमेकांची क्षेत्रे तपासावीत, हा उपाय सोपा व बहुधा पुरेसा आहे.

मर्यादा

१९ पैकी १३ म्हणजे ६८ टक्के, असे वाचन चुकीचे ठरते; एवढ्या लहान नमुन्यात ९५ टक्के विश्वासांतर सुमारे ४३ ते ८७ टक्के इतके रुंद असते. त्यामुळे एका क्षेत्राची टक्केवारी अहवालात लिहू नये, केवळ निर्णय लिहावा. पाच क्षेत्रांचे नमुने (९५ व्यक्ती) एकत्र केल्यास संपूर्ण तालुक्याचा अंदाज सुमारे १० टक्क्यांच्या फरकाने मांडता येतो. मात्र क्षेत्रांची लोकसंख्या असमान असल्यास भारित सरासरी घ्यावी लागते.

दोन मर्यादांमधला पट्टा ही पद्धतीची खरी अडचण आहे. प्रत्यक्ष प्रमाण ६५ टक्के असल्यास क्षेत्र उत्तीर्ण होण्याची संभाव्यता सुमारे ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ नाणेफेकीइतकी असते. अशा निकालांच्या अर्थनिर्णयाबाबत इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी या नियतकालिकात २०१० मध्ये सावधगिरीचा इशारा देणारा लेख प्रसिद्ध झाला. नमुना वाढवल्यास हा अनिश्चित पट्टा अरुंद होतो, परंतु त्याबरोबर पाहणीचे दिवस आणि खर्चही वाढतो.