इस्त्रीच्या पोटात कुठलं पाणी?

संक्रांतीच्या आदल्या रात्री आईची सुती चंद्रकळा इस्त्री करत होतो. वाफेचं बटण दाबलं आणि फुर्र करून पांढरे कण काळ्या साडीभर उडाले. साडी आजीची. ओल्या फडक्यानं कण निघाले, पण आईचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक इस्त्रीची नव्हती. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं आणि मी वर्षभर नळाखाली धरून तेच भरत होतो. इंजिनिअर म्हणे!

शाळेत 'दुष्फेन पाणी' पाठ केलं होतं, पण त्यातला 'फेन' म्हणजे फेस हे आत्ता डोक्यात शिरलं. अ‍ॅबर्डीनचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक थॉमस क्लार्क पाण्याचा जडपणा असाच मोजायचा. साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून बाटली हलवायची, फेस टिकेपर्यंत किती लागलं ते बघायचं. 1841 मध्ये त्यानं पाणी मऊ करायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. युक्ती काय, तर पाण्यातला चुना काढायला त्यात आणखी चुना घालायचा! वेडेपणा वाटतो ना? पण चुनखडी पाण्यात विरघळून राहते ती कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. नवा चुना तो वायू खाऊन टाकतो आणि सगळी चुनखडी खडूसारखी तळाला बसते.

पाणी तापवलं तरी तो वायू उडून जातो आणि तेच होतं. म्हणून एकोणिसाव्या शतकात बॉयलरवाले हैराण असायचे. आत थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा भलताच तापून फुगतो, कधी फुटतोही. थर घट्ट बसू नये म्हणून लोक बॉयलरमध्ये चक्क बटाटे टाकत. (आईला सांगितलं तर म्हणाली, इस्त्रीत नको टाकूस.)

1926 मध्ये न्यूयॉर्कच्या एल्डेक कंपनीनं वाफेची इस्त्री विकायला आणली, म्हणजे तोच बॉयलर मुठीत आला. भोकं मात्र बारीक, त्यामुळे बुजायला वेळ लागत नाही.

मग भरायचं काय? सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी मला आधी बरोबर वाटलं होतं. पण त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, एकूण क्षार जवळपास तेवढेच, आणि पाण्याची वाफ झाली की ते इस्त्रीतच सुकतात. आरओमध्ये बहुतेक क्षार खरंच निघून जातात. डिस्टिल्ड त्याहून शुद्ध, पण काही इस्त्र्यांच्या पुस्तिकेत नुसतं डिस्टिल्ड नको, नळाचं अर्धं मिसळा असं लिहिलेलं असतं. तेव्हा आधी ती पुस्तिका शोधा. माझी माळ्यावर सापडली, प्लास्टिकसकट.

आता मी आरओचं भरतो. आई मात्र चंद्रकळा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे देते. त्याची कोळशाची आहे, पाणी तो हातानं शिंपडतो.