कुलाबा ते पनवेल : कंपनांच्या गुणाकाराची गोष्ट

मुंबईत मे १९०७मध्ये विजेची ट्राम धावू लागली, त्याआधीच कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणी थांबलेली होती. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह या नोंदी बिघडवणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी ओळखले आणि अलिबागची जागा निवडली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालवली. हा सांधा नसता, तर साठ वर्षांच्या आकड्यांची साखळी तिथेच तुटली असती.

ती साखळी किती मोलाची होती, हे पुढे कळले. सप्टेंबर १८५९च्या सौर वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी टिपलेल्या आकड्यांवरून, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पृथ्वीचे क्षेत्र तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचा हिशेब मांडला गेला. कुलाबा-अलिबागचा वारसा सांगणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ साली स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवी पनवेलला आहे.

मूस यांच्या काळी चुंबकाची हालचाल पाहून मोजणी होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर निराळाच मार्ग सापडला. १९४६ साली ब्लॉख आणि पर्सेल यांनी अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन दाखवून दिले आणि काही वर्षांतच त्यातून प्रोटॉन चुंबकत्वमापक जन्माला आला. याची रचना ऐकायला साधी आहे. केरोसीन किंवा पाणी भरलेल्या बाटलीभोवती तारेचे वेटोळे घालायचे, त्यात काही सेकंद प्रवाह सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. हायड्रोजनचे प्रोटॉन मग भोवऱ्यासारखे डोलू लागतात आणि त्याच वेटोळ्यात अतिशय क्षीण विद्युत् संकेत उमटतो. डोलण्याची वारंवारता क्षेत्राच्या अचूक प्रमाणात असते : २३.४८७ नॅनोटेस्लांना सेकंदाला एक आवर्तन. अलिबागच्या परिसरातील क्षेत्राला ती सेकंदाला सुमारे १८०० भरते.

अडचण इथेच येते. सेकंदभर आवर्तने मोजली, तर एका आवर्तनाची चूक म्हणजे २३ नॅनोटेस्लांहून अधिक चूक. एका नॅनोटेस्लापर्यंत पोहोचायचे तर २३ सेकंदांहून अधिक काळ मोजायला हवे आणि संकेत तर काही सेकंदांतच विझतो. यावर एक तोड म्हणजे वारंवारतेचाच गुणाकार करणे. ती ३२ पट केली आणि ०.७३४ सेकंद मोजली, तर येणारा आकडा थेट नॅनोटेस्लांत वाचता येतो.

वारंवारता वाढवायची कशी? गाणे ऐकणाऱ्याला याचे उत्तर अर्धे ठाऊक असते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो त्या तारेच्या मूळ कंपनाची पाचपट असतो. विद्युत् मंडलातही लहर डायोडसारख्या घटकातून वाकडी करून नेली, की तिच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट लहरी निघतात आणि हवी ती चाळून घेता येते. रेडिओ आणि रडारचे तंत्रज्ञ उच्च वारंवारता अशीच मिळवत, कारण क्वार्ट्झचा स्फटिक हवा तेवढा पातळ कापता येत नाही. यात शक्ती वाया जाते. वाकडेपणा रोधाचा असेल, तर दुप्पट करताना फार तर चौथा हिस्सा हाती लागतो. वाकडेपणा विद्युत्‌धारकतेचा असेल, तर आदर्श स्थितीत सारी शक्ती मिळू शकते, हे मॅनले आणि रो यांच्या १९५६च्या सूत्रांवरून दिसते. व्हॅरॅक्टर डायोडचे महत्त्व यातच आहे.

चुंबकत्वमापकात शक्तीपेक्षा नेमकेपणा हवा असतो. म्हणून तिथे गुणाकार भागाकाराच्या वाटेने केला जातो. एक स्वतंत्र आंदोलक जलद कंपने करतो, त्यांना ३२ने भागून ती प्रोटॉनच्या कंपनांशी ताडून पाहतात आणि फरक पडेल तसा आंदोलक सावरतात. दोन्ही जुळली, की आंदोलक बरोबर ३२ पटीने चालत असतो.

मात्र गुणाकाराने संकेताबरोबर त्यातली थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. मूळ संकेत मलिन असेल, तर आकडे बारीक दिसतील, खरे असतीलच असे नाही. आणि मलिनता येते कुठून? घरोघरीची वीज ५० आवर्तनांची. तीही यंत्रांतून वाकडी होते आणि तिचे गुणित तयार होतात. ३५वे १७५० आणि ३७वे १८५० आवर्तनांवर, म्हणजे प्रोटॉनच्या अगदी शेजारी! शहर स्वतःच एक गुणक मंडल होऊन बसते. यावर उपाय म्हणून दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळून जोडतात, म्हणजे बाहेरचा गोंगाट बराचसा आपसात खोडला जातो. पण खरा उपाय मूस यांनीच सांगून ठेवलेला आहे : मोजणी शहरापासून दूर न्यावी. पनवेल आता महानगरात मिसळत चालले आहे. संस्थेची कचेरी तिथे असली, तरी वेधशाळा अलिबागलाच आहे. तिच्या भोवतालची शांतता जपणे हे चांगले मंडल रचण्याइतकेच आवश्यक आहे.