ठेवलेली कोण, ठेवणारा कोण

सिनेमाची मासिकं आमच्या सूतगिरणीत भाकरी गुंडाळून येतात. भाकरी संपली की आम्ही कागद वाचतो. तेल लागलेल्या त्या पानावर हिरोचं लफडं असलं तर मथळा हसरा असतो, रंगेल गडी म्हणून. हिरॉईनचं असलं की तीच बाई घर मोडणारी. स्मिता पाटील 13 डिसेंबर 1986 ला गेली तेव्हा तिचं वय 31 होतं. लग्न झालेल्या नटाशी जमलं म्हणून या मासिकांनी तिला घर मोडणारी ठरवून टाकलं होतं. ज्याचं घर होतं, ज्यानं दार उघडलं, तो मात्र नुसता प्रेमात पडलेला.

कुणी म्हणेल हे मुंबईच्या इंग्रजी मासिकांचं खूळ, स्टारडस्ट 1971 ला निघालं तिथनं सुरू झालं. नाही मित्रहो. छापखाना नव्हता तेव्हा पार होता, चावडी होती, नाटकाच्या थेटरातलं मध्यांतर होतं. आपल्या कृष्णाकाठच्या दोन गावांचंच बघू.

पहिलं गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. आज सांगली जिल्हा. हा तालुका पूर्वी साताऱ्यातच. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा निघाला, 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. या गावच्या कुलकर्ण्याच्या घरात 1866 ला श्रीधर कृष्णाजी जन्मला. लावणीच्या नादानं कुलकर्णीपण सोडून तो तमाशात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याला जोड मिळाली पवळाची. ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महाराची लेक. तोवर तमाशात बाईचं सोंग नाच्या पोऱ्याच काढायचा. बाई म्हणून बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बायांत पवळाचं नाव घेतात. त्याची लेखणी आणि तिचा गळा, तिचे पाय, या जोडीवर मुंबईपर्यंत थेटरं भरली.

लोक काय बोलले? एक बोली अशी, की ब्राह्मणानं कलेसाठी जात सोडली, केवढा त्याग! दुसरी बोली, महारणीनं ब्राह्मण नासवला. आता गंमत बघा. त्याग झाला तर त्याचा, नासाडी झाली तर तिच्यामुळं. ब्राह्मणाबरोबर राहून तिनं काय सोडलं, तिच्या भावकीनं तिला काय ऐकवलं, हे कुणी विचारलेलं नाही. त्याच्या लावण्यांची पुस्तकं निघाली, 1950 ला त्याच्या नावाचा सिनेमा आला. पवळा त्याच्या चरित्रातलं एक प्रकरण. तेसुद्धा तिच्या रूपाबद्दल जास्त, गळ्याबद्दल कमी.

आणि म्हणे, बापूरावानं पवळा ठेवली. ठेवली? तिकिटं तिच्या नावावर खपत होती. कोण कुणाच्या भाकरीवर होतं? मराठीत ठेवलेली असते, ठेवलेला नसतो. नादी लावणारी असते, आणि नादी लागलेला बिचारा असतो. नुसत्या शब्दांतच निकाल लागलेला आहे.

हा हिशेब उलटा मांडणारा एक माणूस झाला. 1927 साली महाडच्या सत्याग्रहासाठी बापूराव आपल्या खेळांचं उत्पन्न द्यायला बाबासाहेबांकडं गेला. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार बाया नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणाले. आपल्यातले काही जण हा प्रसंग तमासगीर बायांवरच उलटवतात, बघा, नाचणारीचा पैसासुद्धा विटाळला म्हणून. मला ते पटत नाही. बाबासाहेबांनी पैसा नाकारला तो नाचवणाऱ्याचा. त्यागी, कलावंत म्हणून ज्याला सगळे डोक्यावर घेत होते, त्याच्याच खात्यावर त्यांनी हे मांडलं. फक्त नाचणाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते त्या दिवशीही कुणी लिहून ठेवलं नाही, ही खंत आहेच.

दुसरं गाव नागठाणे, तालुका पलूस. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मूळ इथले. पुरुष असून शालू नेसले, अत्तर लावून स्टेजवर लाजले, आणि भल्या घरच्या बायांनी त्यांच्यावरून नेसणं उचललं. पुरुषानं लुगडं नेसलं तर ती कला झाली. मग गोहरबाई कर्नाटकी आली. मुसलमान, कानडी मुलखातली, गाणारी. पांढरपेशांत एकच बोलणं सुरू झालं, की या बाईनं नारायणरावांना बुडवलं, घर सोडायला लावलं. कर्जाच्या तारखा मात्र वेगळं सांगतात. 1921 च्या सुमारालाच गंधर्व मंडळी लाखाच्या वर कर्जात होती. खरा जर, खरे गालिचे, खरं अत्तर यांच्या हौसेनं. 1935 ला बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले तोवर कंपनी एकदा मिटून झाली होती. गोहरबाई आली ती त्यानंतर. जी बाई आली नव्हती तिनं बुडवलं कसं? उलट त्यांचं वय झालं, पाय गेले, तेव्हा नायिकेचं काम तिनं पेललं आणि त्यांची सेवाही केली. 1964 ला त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच साली ती मेली. लक्ष्मीबाई, त्यांची लग्नाची बायको, तिचं नाव तर गोहरबाईला शिवी घालायची असेल तेव्हाच निघतं.

पवळा महार, गोहर मुसलमान. बाई असणं एक गुन्हा, त्यात जात-धर्माची भर. ब्राह्मण बायकोवरून गप्पा झाल्या असत्या, पण इतक्या खालच्या भाषेत नाही.

वाईच्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. 2012 ला पद्मश्री मिळाली तेव्हा वय 96. त्यांच्या समाजात चाळ बांधलेल्या बाईनं लग्न करायचं नाही अशी रीत होती. तिच्या जिवावर भाऊ खायचे आणि तिच्याकडं येणाऱ्याला मालक म्हणायचं. मालक पुढच्या खुर्चीत बसायचा, घरी बायको-पोरं असायची. त्याची बातमी कधी झाली नाही. बैठकीतली बाई कुणाची, याची मात्र गावभर.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अशाच एका बाईच्या पोरानं, डॉ. किशोर शांताबाई काळे यानं, 1994 साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं. मधलं नाव बापाचं नाही, आईचं लावलं.