भूतबाधा की पेशीतली चूल?

महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून पूर्वी विंचू डसला की मांत्रिक बोलवायचे. कुणाचे मन बिघडले, तरीही तोच! महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाचे रुग्ण बारकाईने पाहिले. ते विष हृदयावर कसा घाला घालते, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे प्राझोसिनच्या गोळीने कितीतरी जीव वाचले.

मग मनाच्या आजाराचे काय? त्याचाही माग शरीरात लागतो आहे. पेशीतल्या कणांना १८९८ साली कार्ल बेंडाने ‘मायटोकॉन्ड्रिया’ नाव दिले. आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो. पेशीची चूलच म्हणा ना! मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो. चूल मंदावली की झळ त्यालाच. तंतुकणिकांत दोष असलेला रुग्ण १९६२ साली स्वीडनमध्ये रॉल्फ लुफ्टने प्रथम नोंदला. पुढे अशा काही रुग्णांत खिन्नता आणि भ्रमही आढळले. २००० साली जपानमधील तादाफुमी कातो यांनी उन्माद-खिन्नतेच्या विकाराशी या दोषाचा संबंध सुचवला.

हे कारण की परिणाम, याचा निवाडा अजून व्हायचा आहे. पण तोवर रोग्याला कोंडून का ठेवायचे? विंचवाच्या रोग्याला नेता ना, तसे यालाही दवाखान्यात न्या.