मंडई (झाडीपट्टी)

मंडई : पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरणारा एक दिवसाचा उघड्यावरील बाजार व लोकोत्सव. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्यातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा आणि वैनगंगेच्या वरच्या अंगाचे भंडारा व गोंदिया हे जिल्हे, असे तिचे मुख्य क्षेत्र होय. शेजारच्या बालाघाट व छत्तीसगढ भागांतही तिची भावंडे आढळतात. बस्तरमधील नारायणपूरची मडई विशेष प्रसिद्ध आहे.

आठवडी बाजार गरजेपोटी भरतो आणि यात्रा दैवतापोटी भरते. चंद्रपूरची चैत्रातील महाकाली यात्रा, चामोर्शी तालुक्यात उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीला भरणारी यात्रा, अथवा चिमूरची घोडा यात्रा यांपैकी प्रत्येकीच्या केंद्रस्थानी देवस्थान आहे. मंडईच्या केंद्रस्थानी मात्र पाहुणा असतो. ज्या गावाची मंडई त्या गावातील घरे सडासारवण करून सज्ज होतात, सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात, व्याही-जावयांना आगत्याने निरोप जातात, आणि एरवी शेतीच्या धबडग्यात परस्परांची तोंडेही न पाहणारे सोयरे त्या एका दिवशी एका पंगतीला बसतात. उपवर मुलामुलींची स्थळे पाहण्याची, सोयरिकीच्या गोष्टी काढण्याची सोयही याच दिवशी साधली जात असल्यामुळे झाडीपट्टीतील कित्येक विवाहांचा आरंभ मंडईत झालेला असतो.

काळ व स्थळ : हा प्रदेश धानाचा व तलावांचा. दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी उरकलेली असते, भारी धान पिकत आलेले असते, बांधावर पुंजणी रचली जाऊ लागतात, आणि चार महिन्यांच्या चिखलकष्टांनंतर कुणब्याच्या व मजुराच्याही हाती थोडा पैसा खुळखुळू लागतो. बलिप्रतिपदेला गायगोधनाचा विधी होतो. गाईगुरे राखणाऱ्या गोवारी समाजात या दिवसांत ढालपूजनाचा मान मोठा. त्यानंतर, विशेषतः भाऊबीजेपासून, मंडयांचे सत्र सुरू होते. प्रत्येक गावाचा दिवस परंपरेने किंवा पंचमंडळींच्या विचाराने ठरतो, आणि शेजारच्या मौजांचे दिवस शक्यतो एकमेकांवर येऊ नयेत याची काळजी घेतली जाते. त्यामुळे दुकानदार, मिठाईवाले, पाळणेवाले व कलावंत आज या गावी तर उद्या त्या गावी असे फिरत राहतात. मंडईस बांधीव जागा लागत नाही; गावाबाहेरचा आखर, शाळेचे पटांगण किंवा धान निघालेली बांधी यांपैकी कोणतीही मोकळी जमीन तिला पुरते.

बाजार व खाद्यपदार्थ : मंडईतील मालाचा एक मोठा भाग करणाऱ्याच्याच हातून घेणाऱ्याच्या हाती जातो. बुरड स्वतः विणलेली सुपे, टोपल्या व चटया मांडतो. लोहाराकडे विळे व कुऱ्हाडी, तर कुंभाराकडे मडकी असतात. सुपाची खरेदी पाहण्यासारखी असते : जाणती बाई सूप उजेडाकडे धरून विणीतून प्रकाश कोठे झिरपतो ते पाहते, काठाची बांधणी अंगठ्याने दाबते, दोन-तीन सुपे अशी पारखून बाजूला सारते, आणि मगच भावाची बोलणी काढते. तिच्या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस तो बांबू चिरणाराच असतो. याखेरीज बांगड्या, कापड, भांडी व खेळणी यांची दुकाने शहरगावांतून येतात.

खाण्याच्या पालांवर जिलेबी, भजी, आलूबोंडे, चिवडा व मुरमुरे-फुटाणे यांची रेलचेल असते. तलावांच्या या मुलखात शिंगाड्यांचे ढीगही दिसतात. घरी परतताना पाहुण्याच्या हातात मिठाईचा पुडा असणे हा दस्तूरच होय.

करमणूक : दिवसा दंडार व रात्री नाटक हा मंडईचा ठरलेला क्रम. दंडारीत नृत्य, गीत व संवाद यांचा संगम असून स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आहेत. खडी गंमत हा शाहिरी प्रकार उभ्याने सादर होतो. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी या प्रदेशाच्या बोलीचे व लोककलांचे संशोधन केले आहे.

रात्रीचे नाटक ही झाडीपट्टी रंगभूमीची देणगी. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील वडसा (देसाईगंज) हे तिचे व्यापारी केंद्र असून तेथील नाट्यमंडळ्यांशी गावचे मंडळ ठराविक रकमेचा करार करते व तिकीटविक्रीचा भार स्वतः उचलते. अनेक ठिकाणी प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदून तीच माती रंगमंचाखाली भरतात, त्यामुळे मागे बसलेल्यासही पुढील माणसाच्या डोक्याचा अडथळा होत नाही. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बैलजोड्यांची शर्यत म्हणजे शंकरपट हाही हिवाळी करमणुकीचा भाग. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने थांबलेला हा खेळ त्याच न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ मधील अनुमतीनंतर पुन्हा सुरू झाला.

व्यवस्था व सद्यःस्थिती : गावाचा कारभार मालगुजाराच्या हाती असताना उत्सवाचा मानही त्याच्याकडे असे. १९५० च्या अधिनियमान्वये, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारी संपुष्टात आली. आज मंडईची व्यवस्था गावकऱ्यांची मंडळे व ग्रामपंचायत पाहतात, आणि नाटकाच्या उत्पन्नातील शिल्लक बहुधा देऊळ, शाळा यांसारख्या सार्वजनिक कामी लागते.

मंडईची तुलना आधुनिक विक्रीसंकुलांशी करून पाहता येते. कारखान्यातील माल मध्यस्थाविना विकणारी दुकाने, उपाहारगृहे व करमणूक यांची एकाच मोकळ्या आवारात जुळणी करणारी विक्रीसंकुले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आली व पुढे जगभर पसरली. उत्पादकाकडून थेट खरेदी, खाणे व मनोरंजन ही तिन्ही अंगे मंडईतही आहेत. परंतु संकुलाला मालक असतो व तेथे येणारा मनुष्य ग्राहक म्हणून येतो, उलट मंडईची मालकी समग्र गावाची असून तेथे येणारा आधी पाहुणा असतो आणि मग ग्राहक. प्लॅस्टिकच्या टोपल्यांनी बुरडाचे गिऱ्हाईक घटविले आहे, ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटापुढे दंडारीचा आवाज क्षीण होतो आहे, आणि २०२० च्या महासाथीत नाट्यहंगाम थांबल्याने शेकडो कलावंतांची उपजीविका हिरावली गेली होती. तरीही मंडई टिकून आहे, कारण तिचा आधार मालाच्या स्वस्ताईवर नसून आप्तसंबंधांवर आहे. तिचे रक्षण करावयाचे असेल तर पक्क्या इमारतींपेक्षा बुरडाला रास्त दराचा बांबू, दंडारीला मानधन आणि गावाला आखराची मोकळी जमीन, या तीन गोष्टींची तजवीज शासनाने व ग्रामपंचायतींनी प्रथम करणे अगत्याचे आहे.