‘संमती’ या शब्दाचा खटला

शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात हौसेने विचारतो. न्यायालयातही तो विचारला जातो. तेथे मात्र उत्तरावर कोणाचे तरी आयुष्य टांगलेले असते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, जबाब नोंदवून झाल्यावर एका आदिवासी मजूर मुलीला मागे थांबवून घेतले गेले. सोबतच्यांना बाहेर काढले गेले. आईबाप नसलेली ही मुलगी भावाकडे राहत असे. वय चौदा ते सोळा. दोन पोलिसांवर खटला चालला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली.

वाद फिरत राहिला तो एका शब्दाभोवती. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे नागपूरच्या न्यायमूर्तींनी म्हटले होते. दिल्लीत मात्र अंगावर जखमेची खूण नाही म्हणून विरोध नाही, आणि विरोध नाही म्हणून संमती, अशी साखळी जोडली गेली. रात्रीची वेळ, ठाण्याच्या भिंती, वर्दी हा सारा संदर्भ निकालाच्या वाचनातून गळून पडला. संदर्भ तोडून केलेले वाचन किती क्रूर होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते एका अर्थी निकालाचे समीक्षणच होते! ८ मार्च १९८० रोजी शहराशहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे. सर्वसाधारण व्याख्येत ‘केवळ प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे’ हे येण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी केंद्राने एक हजार कोटींचा निर्भया निधी स्थापला, तर राज्याने पीडितांच्या अर्थसाहाय्यासाठी ‘मनोधैर्य’ योजना आणली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातही ती व्याख्या कायम आहे. आज आमच्या परभणीच्या न्यायालयात उभा राहणारा वकील निव्वळ जखमेच्या अभावावरून संमती सिद्ध करू शकत नाही, याचे मूळ देसाईगंजच्या त्या रात्रीत आहे.

त्या मुलीला यातले काहीच मिळाले नाही. निकालपत्राच्या शीर्षकात नाव आहे ते आरोपीचे. तिचे नाव चळवळीने खटल्याला दिले. आणि पीडितेची ओळख छापणे गुन्हा ठरवला तो १९८३ च्याच दुरुस्तीने. ते नाव आम्ही येथे लिहिलेले नाही.